विसाव्यापाशी

मल्हारीने दुसरी सीडी शर्टाच्या टोकाने पुसली, प्लेअरच्या कप्प्यात ठेवली आणि कप्पा बोटाने आत ढकलला. तेवढ्यात मागे बसलेली तानुबाई, त्याची आई, उठली. गुडघ्यावर हात रेटत, भिंत धरत ती ओसरीवर गेली आणि दाराकडे पाठ करून बसली.

पहिली सीडी तिने पाहिली होती. निदान टीव्हीकडे तोंड करून बसली तरी होती. जुना कृष्णधवल चित्रपट होता. त्यात एक सावकार होता, एक तमाशा होता आणि माणसांपेक्षा जास्त अक्कल असलेला एक बैल होता. मेंढरांचा कळप दिसला की मल्हारी पुढे सरकायचा, मागच्या प्रत्येक पागोट्यावर बोट ठेवून विचारायचा, ह्यो का? आणि तानुबाई प्रत्येक वेळी मान हलवायची. नाही.

मल्हारी बापाची वाट बघत होता. बाप गेला तेव्हा तो आईच्या पोटात होता, आणि मेंढरांमागे हिंडणाऱ्या गेणबाचा फोटो त्या काळी काढतो कोण! कुणी म्हणायचं, मल्हारीचं नाक बापाचं. कुणी म्हणायचं, नाक न्हाई, कान. कुरकुंभच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायच्या आधी दाढी करताना आरशातलं काय काय बापाचं असेल, असा विचार त्याच्या मनात येऊन जायचा. आता तो सदतिसाचा होता. बापाने पंचविशीही पाहिली नव्हती. आपला बाप आपल्यापेक्षा लहान आहे ही गोष्ट त्याला अलीकडे फार छळायची.

त्याच्या हाती एकच धागा होता. बापाचा चुलतभाऊ बिरदेव आप्पा सांगायचा की भांडगावच्या माळावर एकदा सिनेमावाले आले होते आणि त्यात गेणबाने काम केलं होतं. काय काम, ते मात्र आप्पाने कधी सांगितलं नाही. तंबाखूचा बार भरून विषय बदलायचा, आणि शेवटी ते तसंच पोटात ठेवून गेला. तानुबाईने तर ताकास तूर लागू दिली नव्हती.

शिरूरला चर्चच्या गल्लीत नथानिएलचं दुकान होतं. नव्या पिक्चरच्या सीड्या सगळेच विकायचे. नथानिएलला मात्र जुन्याचं वेड, आणि त्यातही पडलेल्या पिक्चरांचं जास्त. गाजलेला पिक्चर काय, कुणीही सांभाळतो, असं तो म्हणायचा. मल्हारीने त्याला सालाचा अंदाज सांगितला, माळ सांगितला, मेंढरं सांगितली. नथानिएलने मुंबईपर्यंत माणसं कामाला लावली, आणि कित्येक महिन्यांनी दोन सीड्यांचा एक डबा मल्हारीच्या हातात ठेवला. ठेवला खरा, पण लगेच सोडला नाही.

"मागं भुलेश्वरचा डोंगर दिसतोय, म्हणजे पिक्चर हाच," तो म्हणाला. "पण एकटे बघू नका. आईला शेजारी बसवा."

आता तीच आई ओसरीवर जाऊन बसली होती. मल्हारीने पिक्चर थांबवला आणि दारात आला.

"आये, आत ये की. तू न्हाई दावलंस तर मला कळायचं कसं, कोण त्यो?"

"कळंल तुला."

"आगं, पन कसं?"

तानुबाई अंगणाकडे बघतच म्हणाली, "चालता-बोलता हुडकू नगंस. आता तिरडी यील. तिरडीवर हाय तुझा बा."

मल्हारी उंबऱ्यावरच बसला.

पाठ तशीच ठेवून ती सांगत गेली. इतकं सलग बोलताना त्याने तिला कधी ऐकलं नव्हतं. कथेत धनगर मरतो, पण धनगर झालेला नट ऐन वेळी अडून बसला. म्हणाला, मरायचं नाटक करीन, तिरडीवर मात्र निजणार नाही. त्याच्या अंगलटीचा माणूस शोधताना गेणबा सापडला. तोंडाला गुलाल-बुक्का फासला की कोण ओळखतंय! गेणबाला तर गंमतच वाटली. तानुबाई नको म्हणत होती. सासू म्हणाली, खोट्या मरणानं आयुष्य वाढतं, निजू दे त्याला. तानुबाईला तेव्हा चौथा महिना होता. गर्भारशीने प्रेत बघू नये, खोटं असलं तरी बघू नये, म्हणून सासूने तिला घरात कोंडलं आणि बाहेरून कडी घातली. आत बसून तिने ऐकलं ते रडणं. तिच्या नवऱ्यापायी कुणी परकी नटी टाहो फोडून रडत होती.

खांदेकरी गावातलेच होते, बिरदेव आप्पा पुढे. त्यांना सांगितलं होतं, नुसतं चालत जायचं. पण वाटेत गावाचा विसावा आला. तिथे तिरडी खाली ठेवायची, पुढच्यांनी मागे व्हायचं, मागच्यांनी पुढे, आणि मग उचलून मसणवट्याकडे न्यायची, ही जन्माची सवय. माणसं शूटिंग विसरली आणि तिरडी खरोखर विसाव्यावर टेकवून मोकळी झाली. सिनेमावाल्या साहेबाला ते एवढं आवडलं की त्याने कॅमेरा चालूच ठेवला. संध्याकाळी गेणबा कानातला गुलाल काढत घरी आला तेव्हा हसून हसून हेच सांगत होता.

दिवाळी झाली आणि धनगरांचा वाडा मेंढरं घेऊन कोकणात उतरला. पोटुशी म्हणून तानुबाई मागे राहिली. महिन्याभराने बिरदेव आप्पा एकटाच परत आला, खांद्यावर गेणबाची घोंगडी घेऊन. ताप भरला, तिसऱ्या मुक्कामी गेला, तिथंच माती दिली. मग गावाने उचलली जीभ लावली टाळ्याला. जित्या माणसाला विसावा दाखवला, तो राहतोय कसा? ज्या सासूने आयुष्य वाढवलं होतं, तिनेच सुनेच्या बांगड्या फोडल्या.

"दोन डाव मेला तुझा बा," तानुबाई म्हणाली. "दोन्ही डाव मला कुनी दावला न्हाई. मी त्येला मेल्याला बघितलेलाच न्हाई, मल्हारी. आता म्हातारपनी तू दावू नगंस."

मल्हारीला वळवाच्या दिवसांतला सोलापूर रस्ता आठवला. कोकणातले कळप परतायला लागले की तानुबाई हातातलं काम टाकून रस्त्याकडेला जाऊन उभी राहायची. लहानपणी त्याला वाटायचं, आईला मेंढरांची हौस आहे. पण तिची नजर मेंढरांवर नसायची. मागून चालत येणाऱ्या एकेका गड्याच्या तोंडाकडे ती बघायची, शेवटचा गडी पुढे जाईपर्यंत. अजूनही जायची. गेल्या साली रस्ता चौपदरी होत होता, तेव्हा डंपरच्या धुळीत पदर तोंडाला लावून उभी होती. आज पहिल्यांदाच त्याला त्या उभं राहण्याची भीती वाटली.

सुषमा, त्याची बायको, चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "बंद करा ते. आत्याबाईंच्या जिवाला कशाला घोर?"

बंद करायला हवं होतं. आईच्या जिवापेक्षा बापाचं तोंड मोठं नव्हतं. पण ते तोंड एका बटणावर आलं होतं, आणि इतकी वर्षं उपाशी राहिलेल्या माणसाला ताटावरून उठ म्हणणं सोपं नसतं. त्याने दार अर्धं लोटलं, आवाज पार बंद केला आणि टीव्हीसमोर मांडी घातली.

तिरडी आली. माळ तोच होता, डोंगर तोच. पुढे तरणाताठा बिरदेव आप्पा, त्याला मल्हारीने चालीवरून ओळखलं. नटी बिनआवाजी तोंड उघडून रडत होती, बांगड्या दगडावर आपटत होती. मल्हारीला ती दिसतच नव्हती. त्याची नजर तिरडीवरच्या तोंडावर. पण गुलाल त्या काळ्यापांढऱ्या चित्रात काळा झाला होता. कपाळ, गाल, नाक, कान, सगळं त्याखाली बुडालं होतं. एवढ्या वर्षांनी बाप भेटला, तो डांबर फासल्यासारखा. मल्हारीला लहान पोरासारखं रडू आलं. हे बघण्यासाठी आईला दुखवलं.

विसावा आला. माणसांनी तिरडी खाली टेकवली आणि जागा बदलायला बाजूला झाली. कॅमेरा तसाच पुढे सरकला. तिरडीजवळ आता कुणी नव्हतं. आणि मल्हारी डोळे पुसता पुसता थांबला.

त्याने चित्र मागे घेतलं. पुन्हा बघितलं. मग उठून दारात गेला.

"आये," तो म्हणाला. "आये, त्यो श्वास घेतोय."

तानुबाईने पदर डोळ्यांवर ओढला.

"खाली ठिवल्यावर त्येला वाटलं, झालं शूटिंग. कॅमेरा चालू हाय हे त्येला ठावंच न्हाई. आगं, छाती हालतीया. मेल्याला न्हाई दावत मी तुला. जित्ता हाय. ये."

कितीतरी वेळाने ती उठली. मल्हारीने तिला धरून आत आणलं, टीव्हीसमोर बसवलं आणि बटण दाबलं.

तिरडी खाली टेकली. फुलांखाली, आडव्या बांधलेल्या सुंभाखाली, छाती हळूच वर आली. दमून घरी आलेला माणूस घेतो तसा एक मोठा श्वास. मग खाली गेली. पुन्हा वर आली. तानुबाईने पुढे सरकून काचेवर हात ठेवला. तिच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं की सुषमाने चुलीपाशी मान खाली घातली.

मग चार माणसं वाकली आणि त्यांनी तिरडी उचलली.

"आरं," तानुबाई म्हणाली. "जित्ता हाय की त्यो. मंग उचलत्यात कशाला?"

मल्हारीने घाईघाईने बटण दाबलं. चित्र थांबलं. छातीही थांबली. तानुबाईने दचकून त्याच्याकडे बघितलं. त्याला ते सहन होईना. त्याने चित्र पुन्हा मागे घेतलं, विसाव्यापर्यंत, आणि चालू केलं. श्वास आला, गेला, आला. माणसं पुन्हा वाकली. थांबवावं तर बाप निपचित होत होता, आणि चालू ठेवावं तर ते त्याला घेऊन जात होते.

बाहेर अंधारून आलं. सुषमाने दिवा लावला आणि ताटं वाढून तशीच झाकून ठेवली. मल्हारीचा अंगठा दुखायला लागला होता. एकदा त्याने न थांबवता चालू दिलं. तिरडी उचलली गेली, वळली, माणसांच्या पाठींआड डोंगराकडे जायला लागली. त्याला वाटलं, आता आई रडेल, आणि एकदाचं संपेल.

तानुबाईचे डोळे कोरडे होते. तिने काचेवरचा हात काढला नाही.

"परत खाली ठिव त्येला," ती म्हणाली.