रजिस्टरमधली सही

पदवीधर मतदारसंघाची पोटनिवडणूक लागली, तेव्हा शेणव्याच्या बौद्धवाडीत मतदार एकटी संघरत्नाच होती. या निवडणुकीत मत द्यायचं तर पदवी लागते. तिचा बाप जयराम त्या दिवशी मजुरी बुडवून तिच्याबरोबर शहापूरला आला आणि केंद्राबाहेर झाडाखाली बसला.

आत कारकुनाने यादीवर बोट ठेवलं. "तुमचं मत झालंय."

"मी तर आत्ता येतेय!"

त्याने रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. तिच्या नावापुढे सही होती. 'घ' असा तिरपा काढणारी एकच मुलगी तिला माहीत होती. रविना. कॉलेजात तीन वर्षं दोघी एका बाकावर बसल्या होत्या. रविना शेवटच्या वर्षाला नापास झाली आणि एका संस्थेच्या शाळेत बालवाडीवर तात्पुरती शिकवायला लागली. संस्थेचे अध्यक्ष एका उमेदवाराचे व्याही होते.

"सही ओळखता?" केंद्राध्यक्षांनी विचारलं. "नाव सांगा, पोलिसांत देतो."

खिडकीतून संस्थेची जीप दिसत होती. रविना तिला टेकून उभी होती, डावा हात ओढणीत लपवून.

"नाय ओळखत," संघरत्ना म्हणाली.

त्यांनी तिला वेगळी मतपत्रिका दिली. तिने आपल्या उमेदवाराच्या नावापुढे पसंतीचा १ लिहिला. केंद्राध्यक्षांनी ती पाकिटात घातली. "हे मोजणीत धरत नाहीत. नोंद तेवढी राहते."

बाहेर येऊन ती थेट जीपकडे गेली.

"माझंच नाव घावलं तुला?"

"तुझ्या नावाची चिठ्ठी संस्थेवाल्यांनी हातात दिली गो. नाय म्हटलं असतं तर उद्यापासून घरी बसले असते." रविनाने आवाज खाली आणला. "तू मुरबाडला कामाला, येणार नाय असं वाटलं."

"नाव नाय सांगितलं मी. पण परत माझ्याशी बोलू नको."

जयराम उठून उभाच होता. "दिलंस?"

"दिलं."

एसटीत त्याने शेजारच्याला सांगितलं, वाडीतही घरोघरी सांगितलं. रविनाची कायमच्या नोकरीची ऑर्डर पुढच्याच महिन्यात निघाली. ते कानावर आलं तेव्हा संघरत्नाला राहवलं नाही. तिने बापाला सगळं सांगितलं.

"तिचं नाव घेतलं नायस," जयराम म्हणाला, "ते बरं केलंस का वाईट, मला नाय कळत, पोरी."

"मलापण नाय कळत, बाबा."