घागर आणि शुभेच्छुक

माउली गेम स्टुडिओचा इतिहास निवेदक वाचून दाखवत होता आणि पंचशीला तिसऱ्या रांगेत बसून दातओठ खात होती. स्टुडिओच्या वर्धापनदिनासाठी लातूरचं ते सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर खुर्च्यांची इतकी दाटी की बोलणाऱ्यालाच उभं राहायला जागा उरली नव्हती. शेजारी तिची आई धुरपताबाई बसली होती. नायगावहून सकाळच्या एसटीनं आलेली ती नव्या साडीचा पदर सावरत सगळं खरं मानून ऐकत होती.

"मराठवाड्याच्या मातीत मोठं स्वप्न पाहणारा एक तरुण!" निवेदक ओरडला. मागच्या पडद्यावर मालक माउलीसर झळकले. डोक्यावर फेटा, डोळ्यांवर गॉगल, हाताची घडी.

स्वप्न म्हणे! त्या गृहस्थाला एवढंच सुचलं होतं की लातुरात क्लासेस काय, कुणीही काढतं. आपण असं काहीतरी काढावं की ते काय आहे हे कुणाला कळूच नये. कळलं नाही की कुणी विचारत नाही. म्हणून व्हिडिओ गेमचा स्टुडिओ. माउलीसरांनी स्वतः आयुष्यात एकही गेम खेळलेला नव्हता आणि याची त्यांना तसूभरही लाज नव्हती.

या स्टुडिओचा खरा इतिहास म्हणजे नुसत्या उद्घाटनांचा इतिहास. आधी कार्यालयाचं उद्घाटन झालं. मग संगणकांचं पूजन, मग एसीचं लोकार्पण. नांदेडच्या शाखेला तर बँड लावला होता. शाखा म्हणजे काय, तर मेहुण्याच्या मोबाइलच्या दुकानातलं एक टेबल, ज्यावर आठवडाभरात चार्जरची खोकी चढली. फीत कापायची कात्री चांदीच्या मुलाम्याची होती आणि ती माउलीसरांच्या ड्रॉवरमध्ये कायम तयार असायची. गेम तेवढा एकही नव्हता. एका सत्कारात कुणीतरी आगाऊपणे "गेम कुठाय?" असं विचारलं, तेव्हा कुठं नांदेडच्या कॉलेजातून इंजिनियर झालेल्या पंचशीलाला तिथं नोकरी लागली.

तिनं गेम केला. एकटीनं केला. त्याचं नाव 'घागर'. टँकर गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो, बाई घागर भरून डोक्यावर घेते आणि खेळणाऱ्यानं तिला घरापर्यंत न्यायचं. वाटेत कुत्री, फटफट्या, उकरलेला रस्ता, मध्येच हाक मारून थांबवणाऱ्या शेजारणी. पाणी सांडलं की खेळ संपला. लहानपणी आईच्या मागून चालताना जे जे पाहिलं होतं ते सगळं तिनं त्यात ओतलं होतं. आपलं नाव व्हावं वगैरे तिच्या मनात नव्हतं. लोकांनी तो खेळावा एवढंच होतं आणि ते पोटतिडकीनं होतं.

गेम तयार झाल्याचं ऐकून माउलीसरांनी व्यंकटीला बोलावलं. व्यंकटीचं फ्लेक्स छापायचं दुकान. वाढदिवस, निवड, पुण्यतिथी, सगळे फ्लेक्स त्याचेच. माउलीसरांनी त्याला स्टुडिओचा कलादिग्दर्शक केलं होतं आणि त्यानंही ते गंभीरपणे घेतलं होतं. त्यानं काय कला केली, तर गेम उघडल्याबरोबर शुभेच्छुकांचे फोटो टाकले. सभापती, उपसभापती, माजी सभापती, मेहुणे, मेहुण्याचे मित्र. आणि एकदम नाही. एकदम टाकले तर कुणाचा तरी फोटो बारीक होतो आणि तो माणूस रुसतो. म्हणून एकेक करून. प्रत्येकजण हात जोडून येणार, त्याच्यावर फुलं पडणार, मग दुसरा. मध्ये पुढं जायची सोय नाही, कारण पुढं जाणं म्हणजे त्या माणसाचा अपमान.

"सर, लोक एवढा वेळ थांबत नाहीत. कंटाळून गेम काढून टाकतात," पंचशीलानं परोपरीनं सांगितलं होतं.

"मॅडम, गेम काय, दुसरा करता येतोय," माउलीसर म्हणाले होते. "माणसं तुटली की जुडत न्हाईत. मी माणसं जोडायलोय इथं."

लोक गेमखाली लिहायचे, 'निवडणूक लागली का?' कुणी लिहायचं, 'हा गेम नुसता बघायचा असतो का?' पंचशीला ते वाचायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिची बाई घागर डोक्यावर घेऊन त्या फोटोंच्या मागं ताटकळत उभी होती आणि तिथवर कुणी पोचतच नव्हतं.

मग हैदराबादच्या एका कंपनीचा फोन आला. त्यांच्यातल्या कुणीतरी चिकाटीनं सगळे फोटो सोसून गेम खेळला होता आणि तो त्यांना मनापासून आवडला होता. आमच्या जाहिरातीतून आम्ही हा गेम सगळीकडे दाखवू, म्हणाले. अट एकच, सुरुवातीची ती माणसं सोमवारच्या आत काढा. माउलीसरांनी मान डोलावली. "वर्धापनदिनाला स्टेजवरून जाहीर करू. तवर मी समद्याला समजावतो," म्हणाले. म्हणूनच तर तिनं आईला बोलावून घेतलं होतं.

आता माउलीसर माइकजवळ गेले. पंचशीला पुढं सरकून बसली.

"आपल्या 'घागर' गेमविषयी एक घोषणा हाय," ते म्हणाले. "आजवर आपण मान्यवरांचे फोटो टाकले. पण जिनं मेहनत केली तिला इसरायचं का? न्हाई! आजपासून शुभेच्छुकांमधी आणखी एक फोटो वाढवायलोत!"

पडद्यावर पंचशीला आली. ओळखपत्रावरचा फोटो, व्यंकटीनं गोरा केलेला, हात मात्र दुसऱ्याच कुणाचे जोडलेले. त्याच्यावर फुलं पडली. टाळ्या झाल्या. माजी सभापतींनी खाली येऊन तिला शाल घातली आणि ती खुळ्यासारखी उभी राहिली. सोमवारविषयी अवाक्षर नाही! असा संताप आला की शाल त्यांच्याच गळ्यात आवळावी.

वळून पाहिलं तर धुरपताबाई रडत होती.

"आपल्या गल्लीतलं कुणी बोर्डावर आलं न्हाई, पंचू," ती म्हणाली. "आलं ते भावपूर्ण श्रद्धांजलीचंच. जित्या माणसाचा फोटो तुझा पयला."

माउलीसरांचा तिरस्कार करणं सोपं होतं. ही बाई मात्र अवघड होती.

संध्याकाळी दोघी तिच्या खोलीवर आल्या. आईनं चहा ठेवला आणि पंचशीला संगणक उघडून बसली. गेम प्ले स्टोअरवर चढवायचं काम तिचंच होतं. माउलीसरांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिनं सभापती काढले. माजी सभापती काढताना तर तिला गारगार वाटलं. मेहुणे काढले, मेहुण्याचे मित्र काढले. शेवटी तिचा स्वतःचा फोटो उरला, उसने हात जोडलेला. तिनं आईच्या पाठीकडं पाहिलं, आणि तोही काढला. मग गेम हैदराबादच्या अटीप्रमाणं चढवून टाकला.

फोटोंवाला गेम मात्र तिनं वेगळा करून माउलीसरांना व्हॉट्सॅपवर धाडला. खाली लिहिलं, 'फक्त आपल्या माणसांसाठी खास आवृत्ती.' खोटं त्यात एक अक्षर नव्हतं.

थोड्या वेळानं त्यांचा फोन आला. "लई भारी, मॅडम! समद्या ग्रुपवर टाकला. सभापती तर दोनदा बगितले म्हनं!"

"पुढचा गेम बघितला का, सर?"

"पुढं अजून काय हाय का?" माउलीसरांनी विचारलं.

तिनं फोन ठेवला. एवढ्या दिवसांत हा माणूस फोटोंच्या पुढं कधी गेलाच नव्हता.

"माझ्या फोनात टाक की ते," चहाचा कप तिच्यापुढं ठेवत आई म्हणाली. "गल्लीत तुझा फोटो दावते."

पंचशीलानं गेम टाकून फोन तिच्या हातात दिला. "फोटो नाही त्यात, माय. मीच काढला."

धुरपताबाईचं तोंड उतरलं. मग पडद्याकडं बघत तिनं तुटकपणे विचारलं, "मग ही बाई कोन हाय?"

"तूच. बोटानं चालव तिला. घरापर्यंत ने."

आईनं बोट ठेवलं. टँकर मागं पडला, गल्ली सुरू झाली, आणि पहिल्याच वळणावर कुत्रं आडवं आलं. घागर कलंडली.

"सांडली?" धुरपताबाई चवताळून म्हणाली. "माझी? उभ्या जन्मात माझी घागर सांडली न्हाई!"

तिनं पुन्हा सुरू केलं. चहावर साय धरली. दुसऱ्यांदा फटफटीनं घात केला. फटफटीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून तिनं तिसऱ्यांदा घागर उचलली.

"माय, वळणावर जरा हळू—"

"गप बस," धुरपताबाई मान वर न करता म्हणाली. "मधी बोलू नको."