धुतलेलं पिंप

धाकटा भाऊ आम्लाच्या रिकाम्या लोखंडी पिंपावर वाकून गॅस-कटर पेटवायला निघालेला दिसला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातलं काम तसंच टाकून मी प्रयोगशाळेतून धावत सुटले आणि त्याच्या हातून लायटर हिसकावून घेतला.

"ताई, काय हे! सगळे बघतायत."

"बघू देत! मरायचंय का तुला?"

बघे होतेच. फोरमन तर चहाचा कप घेऊन तमाशाला आल्यासारखा उभा. पिंप उभं चिरून त्याला भंगार ठेवायला दोन हौद करून हवे होते.

"बाई, पिंप रिकामं आहे. वर सकाळी पाण्यानं धुतलंय," तो म्हणाला. "उगाच राईचा पर्वत करू नका."

धुतलंय म्हणे! तो कप त्याच्याच डोक्यावर उपडा करावासा वाटला मला.

"धुतलंय म्हणूनच मरणार होतात सगळे! कडक, पाणी न मिसळलेलं गंधकाम्ल लोखंडाला फारसं खात नाही, म्हणून तर ते या पिंपातून येतं. तळाशी उरलेल्या आम्लात पाणी पडलं की ते लोखंड खायला लागतं आणि हायड्रोजन सोडतं. त्याला ना रंग, ना वास. ठिणगी पडली की संपलं!"

सगळ्यांना लांब पिटाळून मी बूच हळूहळू सैल केलं. फुस्स करून वायू बाहेर आला. आत तळाशी अजून फसफसत होतं. भाऊ पांढराफटक पडला. त्याच्या बायकोला सातवा महिना चालू आहे. मला रडू फुटलं आणि रडू फुटलं म्हणून आणखीच राग आला.

"कुणी धुतलं हे? कुठल्या दीडशहाण्यानं?"

"मीच," भाऊ पुटपुटला. "तिथं लिहिलंय ना, ताई."

फोरमननं भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. 'रिकामे झालेले प्रत्येक पिंप पाण्याने धुवावे.' खाली सही माझी. पाच वर्षांपूर्वीची, सगळी पिंपं प्लॅस्टिकची होती तेव्हाची. लोखंडी पिंपं येऊन महिना झाला होता. ती उतरवून घेताना मी स्वतः उभी होते, आणि या पाटीकडे एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं.

मी पाटी दोन्ही हातांनी ओढून काढली. खिळ्यानं तळहात फाटला.

"ताई, रक्त येतंय."

"तू गप्प बस!" मी ओरडले. त्याच्यावरच.