पामीची आंघोळ

ओकपुनने सवयीने पाठीवर दोनदा थोपटलं, पण पामी कुशीवर वळला नाही. त्याचा गोळा झाला. सार्वजनिक न्हाणीघरात तिने अशा दोन थापा मारल्या की कोरियातल्या वोन्जू शहरातली कुठलीही बाई मुकाट्याने वळते. पण पामी बाई नव्हता. मुठीत मावणारा काटेरी हेजहॉग होता आणि घमेल्यातल्या कोमट पाण्यात बसून रागाने फुसफुसत होता.

लग्नाआधीपासून ओकपुन बायकांची अंगं घासत आली होती. हातावर खरखरीत हिरवा हातमोजा चढवायचा आणि मळाच्या वळ्या काढायच्या. तिचा सिद्धान्त एकच होता : निघतंय, म्हणजे आहे. त्यामुळे हिवाळ्यात पामीच्या पाठीवरून पांढरे पापुद्रे गळू लागले तेव्हा तिला जराही शंका आली नाही. पामी तिच्या लेकीचा, यूरिमचा. कंपनीने यूरिमला बुसानला पाठवलं, तिथल्या वसतिगृहात प्राणी चालत नव्हते, म्हणून नव्या वर्षाच्या सणापर्यंत तो आईकडे. तोवर तिला भाड्याची खोली मिळणार होती; सणाला येऊन ती त्याला घेऊन जाणार होती.

ओकपुनने रोज संध्याकाळी त्याला न्हाऊ घातलं, जुन्या, मऊ झालेल्या मोज्याने घासलं. रोज पापुद्रे निघाले. तिला समाधान वाटलं. मग काटेही गळू लागले.

न्हाणीघरात तिने हे सांगितलं तेव्हा भाजीवाली सुन्देक घासण्याच्या बाकावर पालथी पडून म्हणाली, "हेजहॉगलाही आपलं पोर मऊच लागतं म्हणतात. म्हणून काय ते घासून मऊ करायचं असतं?"

प्राण्यांचे डॉक्टर प्यो तरुण होते. त्यांनी पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गोचिडी-पिसवा काही नव्हतं. आंघोळ किती वेळा, त्यांनी विचारलं. रोज, ओकपुनने अभिमानाने सांगितलं. कशाने, असं विचारल्यावर तिने पिशवीतून हिरवा मोजा काढून टेबलावर ठेवला. लहानपणी डॉक्टरांनाही आईने तसल्यानेच घासलं असावं. त्यांनी नकळत खांदे आखडून घेतले.

"मावशी, हा मळ नाही. ही त्याची कातडी आहे."

"मग उरलेली कधी निघणार?"

डॉक्टरांनी नीट समजावलं. फरशीखालून घर तापवतात त्या उष्णतेने खोलीतली हवा कोरडी पडते, आणि कातडीतलं उरलंसुरलं तेल आंघोळीत जातं. आंघोळ बंद. खोली उबदारच ठेवायची, पण ओले टॉवेल टांगायचे. अधूनमधून पाठीवर तेलाचा थेंब. आणि कातडी सुधारेपर्यंत लांबचा प्रवास नको.

घरी येताना बसमध्ये तिच्या डोक्यात शेवटचं वाक्यच घोळत होतं. सुधारला नाही, तर जाणार नाही.

तिने टॉवेल टांगले. खोलीतून वाकून चालावं लागे, जेवताना मानेवर थेंब पडत. संध्याकाळी हातांना काय काम द्यावं ते तिला कळेना. तिने आधी स्वतःचा, मग शेजाऱ्यांचा सगळा लसूण सोलून टाकला. पापुद्रे गळायचे थांबले आणि पामीची पाठ हळूहळू गुलाबी झाली.

सण दोन-चार दिवसांवर आला तेव्हा एका संध्याकाळी तिने घमेल्यात कोमट पाणी भरलं. मोजा हातात चढवला. पामी आपल्या झोपायच्या कापडी पिशवीतून बाहेर आला, मोजा हुंगला, गोळा न होता त्यावर चढला आणि तळहातात पोट टेकून बसला. पाणी निवेपर्यंत ओकपुन तशीच बसून राहिली. मग त्याला पिशवीत ठेवून तिने त्याच पाण्यात टॉवेल भिजवले आणि पुन्हा वाळत घातले.

यूरिम आली. पामीला उलटसुलट बघून खूश झाली. "आई, केलंस तरी काय?"

"काहीच नाही," ओकपुन म्हणाली.

पामीच्या प्रवासाच्या पेटीत ओकपुनने आपली अंगातून काढलेली बनियन घातली. धुतलेली घाल ना, असं यूरिम म्हणाली, तर ओकपुनने सांगितलं की धुतलेलीला वास नसतो. बसस्थानकावर आंघोळ घालायची नाही, हे तिने इतक्यांदा बजावलं की यूरिमला हसू आवरेना.

सण संपल्यावर न्हाणीघर उघडलं. पहिली सुन्देकच होती, सुट्टीभराचा मळ अंगावर घेऊन. थोड्या वेळाने तिने बाकावरून मान वर केली.

"ओकपुन, घासतेयस की गोंजारतेयस?"

ओकपुनने तिच्या पाठीवर कोमट पाणी ओतलं आणि ती पुन्हा हात फिरवायला लागली.

सुन्देकने मान खाली टेकवली. "बरं, राहू दे," ती म्हणाली, "असंच चालू दे."