धाकटीचं फर्न

जावाजावांचा उभा दावा असतो म्हणतात. रुक्मा पटलेचा दावा मात्र जावेपेक्षा जास्त जावेच्या झाडाशी होता, आणि झाडही असं की ज्याला ना फूल, ना फळ, ना वास.

धाकटी जाऊ रिंकी गोंदियाच्या बाजारपेठेत वाढलेली. टिकेशशी लग्न होऊन ती तिरोड्याजवळच्या या गावात आली, तेव्हा आंदणातल्या पलंग-कपाटाबरोबर रंगाच्या जुन्या डब्यात लावलेलं एक फर्न गाडीतून उतरलं. शेजारच्या शांतीबाईनं तोंडावरच विचारलं, "हे त नाल्याच्या काठी उगवते व. मोटरीत बसवून कायले आणलं?"

"आंटी, हे बारा महिने हरं राहते," रिंकी म्हणाली.

आणि ते खरंच राहिलं. मे महिन्यात जिथं अंगणातली तुळस मान टाकते, तिथं हे बेटं ओसरीतल्या कुलरखाली ऐटीत बसलेलं. कुलरमधून ठिबकणारं पाणी त्याला पुरायचं. रिंकी पिवळं पडलेलं एखादं पान चिमटीनं खुडायची, बाकी कात्री म्हणून लावायची नाही. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत त्यानं डबा झाकून टाकला, चहूकडे दोऱ्यांसारखी मुळं सोडली आणि पानं लवत लवत सासूच्या खाटेच्या पायाशी पोचली. ओसरीतून जाताना रुक्माला लुगडं आवरून जावं लागे.

सासू अनुसयाबाई गुडघ्यांनी अधू झालेल्या. दिवसभर त्या खाटेवर, समोर ते झाड. आल्या-गेल्याला त्या बोट करून दाखवायच्या, "पाहा व, भर वैशाखात कसं हिरवं ठेवलं. लहानीच्या हाताले गुण आहे."

आत चुलीपाशी रुक्माच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. या घरात येऊन तिला अठरा वर्षं झाली होती. सासूच्या गुडघ्यांना मोहाच्या बियांचं तेल कोण चोळायचं? रुक्मा. सकाळची पेज, दुपारचा भात, धानाच्या बांधीत चिखलात वाकून केलेली रोवणी, सासऱ्यांचं शेवटचं आजारपण, सगळं तिच्याच अंगावरून गेलं. इतक्या वर्षांत सासूच्या तोंडून तिच्यासाठी निघालेला शब्द म्हणजे 'मीठ कमी आहे.' रुक्माला दागिना नको होता, शेतातला हिस्सा नको होता. नवरा हेमेंद्र भला माणूस होता, पोरगी पुष्पांजली नागपूरला शिकत होती, बाईला कमी काही नव्हतं. पण चार बायांसमोर सासूनं एकदा तरी आपल्याला चांगलं म्हणावं, एवढीच भूक होती, आणि ही आपली भूक आहे याची तिला लाजही वाटायची.

एक दिवस तिनं त्या फर्नची मुळासकट एक फुटवा हळूच ओढून घेतला. आपणही करून दाखवू! आता रुक्मा धानवाल्यांची लेक, धानवाल्यांची सून. लावणं म्हटलं की तिला एकच रीत ठाऊक. घमेल्यात चिखल केला, वर बोटभर पाणी साठवलं, मूठभर युरिया टाकला आणि त्यात ते रोप रोवून दिलं. आठवडाभरात घमेल्यातून असा वास सुटला की मांजरही लांबून जाऊ लागलं.

खाटेवरून अनुसयाबाईंनी मान उंच करून पाहिलं. "मोठे, घमेल्यात धान रोवलं का व? निंदायले बाया कधी लावशील?"

शांतीबाई पोट धरून हसली. रिंकीही हसली, मग जीभ चावून गप्प बसली. त्या गप्प बसण्यानं रुक्माला जास्त झोंबलं. हसत राहिली असती तर भांडता तरी आलं असतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी रिंकी बाळंतपणाला माहेरी निघाली. जाताना तिनं रुक्मालाच फर्नजवळ नेलं. पानं उलटी करून दाखवली. मागच्या बाजूला तांबूस ठिपक्यांच्या ओळी होत्या. "दीदी, हे दाने पाहून घाबरू नका हं. बीमारी नाही, याचं बीज आहे. खूप फैललं आहे, मालूम आहे मला. पण काटू नका, मला पाहवत नाही."

"नाही कापत," रुक्मा म्हणाली. त्या वेळी ती खरं बोलत होती.

रोवणी सुरू झाली. हेमेंद्र आणि रुक्मा दिवसभर बांधीत, टिकेश तिकडे वीज प्लांटच्या कामावर. एका दुपारी रुक्मा जेवायला म्हणून घरी आली. कंबर मोडलेली, गुडघ्यापर्यंत चिखल, पोटात कावळे ओरडत होते. सासू फोनवर रिंकीशी बोलत होती, "तुझं झाड तुझी वाट पाहून राहिलं. लवकर ये व माय." फोन ठेवला, आणि ओसरीत पाय टाकणाऱ्या रुक्मावर ओरडली, "तिकडून जा, तिकडून! चिखलाचे पाय झाडाले लागतीन."

ज्या चिखलावर हे घर जेवतं, तो चिखल झाडाला लागू नये!

रुक्मा जेवली नाही. सासूचा डोळा लागेपर्यंत आत बसून राहिली. मग कुडाच्या भिंतीत खोचलेला विळा घेतला, फर्नसमोर उकिडवी बसली, धानाची धरतात तशी पानांची मूठ धरली आणि विळा ओढला. एक मूठ, दुसरी, तिसरी. पार बुडाशी, बोटभर खुंट ठेवून. तिचा हिशेब सरळ होता. बुडापासून कापलेलं धान संपलं, मग त्या बांधीत गुरं सोडायची. खुंटाला हिरव्या काड्या फुटतात, पण त्यांना पीक कोणी म्हणत नाही. प्रत्येक मुठीसरशी तिला इतकं बरं वाटत होतं की ते बरं वाटणंच भयंकर होतं.

"काय केलं व?" सासू जागी झाली होती.

"करपा लागला होता. मागून सारे तांबूस ठिपके. बांधीपर्यंत गेला असता त?"

धानावरच्या करप्याचं नाव काढलं की या भागात कोणाची पुढं बोलायची टाप नसते. अनुसयाबाईंनी खाली पडलेलं एक पान उचललं, उलटं करून पाहिलं आणि परत ठेवून दिलं. रुक्मानं डबा परसात वळचणीखाली नेऊन टाकला आणि पोटभर जेवली.

पण करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! वळचणीचं पाणी खाऊन त्या खुंटांमधून गोगलगाईसारखे गुंडाळलेले कोंब वर आले. रुक्मानं दोन खुडले, तर चार आले. हळूहळू एकेक कोंब उलगडला. दसऱ्यापर्यंत डब्यात असं गोल, भरगच्च, एकसारखं फर्न उभं राहिलं की पूर्वीचं ते पसरलेलं जंजाळ कोणाच्या ध्यानातही राहू नये. एक पान वाळकं नाही, एक मूळ लोंबकळत नाही. रुक्मा त्याच्याकडे पाहायची आणि जळायची. मेलं असतं तरी लोक रिंकीच्या नावानं हळहळले असते, जगलं तरी नाव रिंकीचंच!

दिवाळीनंतर रिंकी लेकीला घेऊन आली. गावातल्या बाया बाळ पाहायला ओसरीत जमल्या. रिंकीची नजर आधी, सासूनं परसातून परत ओसरीत आणवलेल्या डब्यावर गेली. "अय्या दीदी! नर्सरीवाला मला हेच बोलला होता, बुडापासून काटो, तरच आटोक्यात राहील. माझी हिंमतच नाही झाली. किती सुंदर केलं तुम्ही!"

रुक्मा चहाचा ट्रे धरून दारातच उभी राहिली. तेवढ्यात खाटेवरून अनुसयाबाई मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, "मोठीच्या हातची गोष्टच अलग आहे. झाड काय, हे घर तिनंच जगवलं."

साऱ्या बायांनी वळून रुक्माकडं पाहिलं. शांतीबाईनं तर मान डोलावली. रुक्मा ट्रे तसाच घेऊन घाईनं आत गेली आणि पदरात तोंड घालून रडली. आपण ते कशासाठी कापलं होतं, हे त्या घटकेला तिला आठवतही नव्हतं. शब्द मिळाला होता. दिवसभर ती बाळाला घेऊन मिरवत राहिली. रिंकीचंही तिला पहिल्यांदाच कौतुक वाटलं. केस विंचरून दिले, डिंकाचे लाडू काढून दिले.

भुकेल्याला एका घासानं भागतं का? दिवेलागणीला सासूच्या गुडघ्यांना तेल चोळताना तिला तो शब्द पुन्हा ऐकावासा वाटला.

"माय, बायांसमोर तुम्ही बोलल्या न मघाशी, ते खरंच मनातून बोलल्या?"

"मोठे, करपा असा ओळीनं बसते का व? जन्म धानात गेला माझा."

रुक्माचा हात थांबला. "तुमाले माहीत होतं? त मंग असं काऊन बोलल्या?"

"तवा झाड होतं." सासूचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "आता घरात लेकरू आलं. तुले जे पाह्यजे होतं ते देऊन टाकलं. आता तरी तुझा जीव थंडा राहील."

रुक्माला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ती ताडकन उठून उभी राहिली. "माय! मी लेकराले काही करीन? मी? पुष्पांजलीले वाढवलं मी याच हातानं!"

"झाडाले करशील असं बी वाटलं नव्हतं," सासू म्हणाली.

आतून रिंकी बाळाला घेऊन बाहेर आली. "दीदी, जरा हिला घ्या न. मी दूध गरम करते."

रुक्मानं पदराला हात पुसले आणि पुढे केले. पण तिच्याआधी खाटेवरून सासूचे दोन्ही हात मध्ये आले.

"इकडं दे, माझ्यापाशी."

रिंकीनं बाळ सासूच्या मांडीवर ठेवलं आणि हसत आत गेली. रुक्मा हात पुढे करून तशीच उभी राहिली.