जपलेला दात

गेले दोन महिने क्लॅरिनेटवाल्या आजोबांचा जीव एका दातापायी टांगणीला लागला होता. दात वरचा, अगदी समोरचा. वाजवताना वाद्याचं तोंड याच दाताला टेकतं, आणि हा तर जिभेने ढकलला तरी हलायचा. तो पडला की वाद्यवृंदातली बेचाळीस वर्षांची खुर्ची गेली, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. घरात मात्र ताकास तूर लागू दिली नाही.

दात त्यांनी तळहाताच्या फोडासारखा जपला. सफरचंद बंद, पावाची कडा बंद. पुढे तिथे ब्रश लावणंही बंद केलं. न जाणो, धक्का लागायचा. सकाळी नळ सोडायचा, ब्रश ओला करायचा, चूळ भरायची, की झालं. घाबरलेला माणूस असाच अतिशहाणा होतो.

"तोंडाला वास येतोय तुमच्या," आजी म्हणाल्या.

"कांदा खाल्ला ना."

"घरात चार दिवस कांदा नाहीये."

मग एका तालमीत लांब सूर धरताना दात सरकला आणि सूर फाटला. शेजारच्या बासरीवालीने वळून पाहिलं. आजोबांना दरदरून घाम फुटला. घरी येऊन त्यांनी दात हलतोय हे कबूल केलं, आणि दुसऱ्या दिवशी आजींनी त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं.

"डायबेटिस आहे?" बाईंनी तोंडात आरसा फिरवून विचारलं.

"थोडासा."

"गोळ्या?"

"आठवण झाली की घेतो."

"आणि इथे ब्रश कधीपासून लावला नाहीत?"

आजोबांनी आजींकडे बघायचं टाळलं. "दीड महिना झाला. पडेल म्हणून."

बाईंनी आरसा खाली ठेवला. "आजोबा, घासल्याने नाही पडत दात. मळ साचून हिरडी आणखी सुटली, वर साखर वाढलेली. तेव्हाच आला असतात तर कदाचित राहिला असता. आता काढावा लागेल. शेजारचे दोन वाचतील, पण रोज घासलेत तर. रक्त येईल, घाबरून थांबू नका."

"वाजवता येईल?"

"खोटा दात बसवून बघू. शब्द नाही देत."

दात काढून आठवडा झाला. आजोबा बेसिनसमोर उभे राहिले आणि खिंडीशेजारच्या दाताला त्यांनी ब्रश लावला. पांढऱ्या बेसिनमध्ये तांबडा थेंब पडला. पहिल्या कार्यक्रमालाही त्यांना एवढी भीती वाटली नव्हती.

"थांबू नका," दारातून आजी म्हणाल्या. "मी आहे इथे."

ते घासत राहिले.