दुसरी बाटली

मच्छिंद्रने गिअरबॉक्सची तेल मापायची पट्टी ओढली, फडक्यावर टेकवली आणि दीनानाथांपुढे धरली. तेल लाल दिसायला हवं होतं. दिसत होता गुलाबी फेस, मस्तानीच्या ग्लासावर असतो तसा.

"पुन्हा तेच हाय, काका."

"दिसतंय. डोळे शाबूत आहेत माझे. रेडिएटर नवा घातला, गिअरबॉक्स दोनदा धुतला. आता काय गाडी गंगेत नेऊन बुडवू?"

मच्छिंद्रने पुन्हा समजावलं. इंजिन गार ठेवणारं कूलंटचं पाणी आणि गिअरचं तेल, दोन्ही रेडिएटरमधूनच फिरतात, मध्ये एक पातळ नळी. ती कुजली की पाणी तेलात शिरतं आणि गिअरबॉक्सच्या प्लेटा सुटायला लागतात. नुसतं धुऊन ते निस्तरत नाही.

दीनानाथांचं डोकं उठलं. महिनाभर मांजरी गावातल्या मच्छिंद्रच्या या पत्र्याच्या गॅरेजमध्ये खेटे घालून ते विटले होते. अर्धांगवायूनंतर डाव्या पायाने क्लच दाबवत नव्हता. बिनक्लचची ही एकच गाडी त्यांना चालवता येत होती. दर शनिवारी बायकोला, मंदाकिनीबाईंना, शेजारी बसवून लोणी काळभोरला मेहुणीकडे जायचं, कुणाची मनधरणी न करता, एवढंच त्यांचं राज्य उरलं होतं. खडकीला राहणाऱ्या मुलाने, अनंतने, बजावलं होतं, "बाबा, आता ती रस्त्यात बंद पडली की विकायची. दुसरी घ्यायची नाही." दीनानाथांनी शब्द दिला होता. गेल्या महिन्यात गाडी हडपसरला बंद पडली, ते मात्र त्यांनी कळवलं नव्हतं.

त्यांना तहान लागली. बाकावर मंदाकिनीबाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. पिशवीत नेहमीच्या दोन बाटल्या. प्रवासात या बाईला घोटभर पाणी लागत नाही, ओझं मात्र दोन बाटल्यांचं, अशी दीनानाथांची कुरकुर दर शनिवारी ठरलेली.

त्यांनी मोठी बाटली ओढली, तशी बाईंनी ती मागे घेतली.

"ती नको. ही घ्या."

"काका, राग नका मानू," मच्छिंद्र म्हणाला. "जुन्या रेडिएटरात गंजच गंज होता. कूलंट नावाला, सगळं नळाचं पाणी. कुणीतरी वरून भरत होतं. पाणी कमी होतंय हे तवाच सांगितलं असतं, तर गिअरबॉक्स वाचला असता."

दीनानाथांनी घोट गिळला. बाई पूजेला बसल्या की तांब्या घेऊन ते गाडीत पाणी घालायला गुपचूप खाली उतरायचे. सांगितलं असतं तर गॅरेज आलं, आणि गॅरेज आलं की अनंत आला. दिवाळीनंतर पाणी कमी होणंच थांबलं, तेव्हा गाडी आपली आपण सुधारली म्हणून त्यांना केवढं हायसं वाटलं होतं. आता लाज वाटत होती. सांगून टाकायला त्यांनी तोंड उघडलं.

"मी भरत होते," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

ही आपला दोष स्वतःवर घेतेय असं वाटून ते वैतागून वळले.

"उगाच काहीतरी बोलू नकोस."

"उगाच कशाला? दिवाळीत गॅलरीतून पाहिलं तुम्हाला. पाय ओढत, तांब्या सांभाळत जिना उतरत होतात. मग तुम्ही अंघोळीला गेलात की मीच भरून यायला लागले. तुम्ही खाली जाऊन नुसते बघून यायचात, खूश होऊन." त्यांनी पिशवीकडे पाहिलं. "ही मोठी बाटली गाडीला वाटेत लागली तर म्हणून."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

म्हणजे गाडी कुठेही दगा देईल हे ठाऊक असून ही बाई दर शनिवारी शेजारी बसली होती, बहिणीच्या सुनेच्या तक्रारी सांगत. दीनानाथांचा सगळा राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी काय आलं ते त्यांना सांगता आलं नसतं. ते तिच्याशेजारी बाकावर टेकले.

"मग उघडू का गिअरबॉक्स? चालेलच असं न्हाई सांगत मी," मच्छिंद्र म्हणाला.

"थांबा."

दीनानाथांनी फोन लावला.

"अनंत, गाडी बंद पडली. महिना झाला... हो, दिलेला शब्द लक्षात आहे. विकू. शनिवारी आम्हाला लोणीला तू ने." गाडीचं काय केलंत म्हणून अनंत विचारत होता. "नाही रे, माझ्या एकट्याचं काम नव्हे ते. आम्ही दोघांनी मिळून बिघडवलीय."